कार्ड कुठवर चालतं

जुलै जवळ आला की कोल्हापुरात पन्हाळा-पावनखिंड मोहिमांच्या जाहिराती फिरू लागतात. फी, मुक्कामाची गावं, जेवणात काय, टी-शर्ट मिळणार की नाही, सगळं त्यात असतं. शेवटी एक ओळ ठरलेली: 'प्रशिक्षित व सर्टिफाइड लीडर सोबत.' कुणी प्रशिक्षण दिलं, कशाचं दिलं आणि ते सर्टिफिकेट कुठल्या जमिनीवर लागू पडतं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. कुणी विचारलंच तर बहुतेक वेळा उत्तर येतं, 'बेसिक झालंय, ए ग्रेड आहे.'

बेसिक म्हणजे बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, मनालीची संस्था १९६१ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. कोर्स साधारण चार आठवड्यांचा. गाठी, खडकावरची चढाई, रॅपलिंग (दोरावरून उतरणं), जुमार (दोरावर चढायचं साधन) वापरणं, बर्फात आइस-अॅक्स रोवून घसरण थांबवणं, क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखालचे अणकुचीदार खिळे, घालून चालणं, पाठीवर वजन घेऊन उंची गाठणं हे सगळं त्यात होतं. कोर्स उत्तमच आहे आणि सह्याद्रीतल्या पोरांनी तो जरूर करावा. पण त्या चार आठवड्यांत विद्यार्थी कायम दुसऱ्याच्या दोरावर असतो. निघायचं कधी, परतायचं कुठून, कुणाला मागे ठेवायचं हे इन्स्ट्रक्टर ठरवतो. ए ग्रेडचा अर्थ एवढाच की हा विद्यार्थी पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला बसायला लायक आहे. अॅडव्हान्सलाही ए मिळाला की मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. पैसे भरून आलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या चाळीस माणसांना पावसात घेऊन जाण्याची परीक्षा या तीन पायऱ्यांत कुठेच होत नाही. तालमीत चार आठवडे माती अंगाला लावली म्हणून कुणी वस्ताद होत नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

हा प्रश्न आल्प्समध्ये दोनशे वर्षांपूर्वी आला. तिथेही सुरुवात गावच्या माणसांपासूनच झाली. १७८६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर डॉ. पाकार यांच्यासोबत पहिल्यांदा पोचलेला जाक बाल्मा हा डोंगरात स्फटिक शोधून विकणारा, पायथ्याच्या शामोनी गावचा माणूस. पुढे चढाईच्या हौसेने येणारे प्रवासी वाढले आणि १८२० मध्ये माँ ब्लाँवर हिमप्रपातात तीन गाईड गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाईडांनी आपली कंपनी काढली. तिची कामं अगदी व्यवहाराची होती. आलेला प्रवासी पाळीपाळीने कुणाकडे जायचा ते ठरवणं आणि अपघातात गेलेल्याच्या घरच्यांसाठी निधी ठेवणं. प्रशिक्षण आणि परीक्षा यांची चौकट नंतर उभी राहिली. संघटनेची गरज आधी पोटापाण्याला आणि विधवांना पडली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आज जगभर ज्याला पूर्ण माउंटन गाईड म्हणतात त्याच्याकडे आयएफएमजीएचं, म्हणजे माउंटन गाईडांच्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, कार्ड असतं. ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली इथल्या गाईडांनी हा महासंघ १९६५ मध्ये स्थापन केला. (उत्तरकाशीची संस्थाही त्याच वर्षाची, हा निव्वळ योगायोग.) महासंघ स्वतः कुणाला शिकवत नाही. तो किमान पातळी ठरवतो, देशोदेशीच्या संघटना त्या पातळीवर प्रशिक्षण आणि परीक्षा घेतात आणि मग एका देशाचं कार्ड दुसऱ्या सदस्य देशात मानलं जातं. खडक, बर्फाळ उंच डोंगर आणि स्की या तिन्ही गोष्टींत उत्तीर्ण व्हावं लागतं. उत्तम प्रस्तरारोहक स्कीमध्ये कच्चा असेल तर कार्ड नाही. प्रवेशाआधी केलेल्या चढायांची वही दाखवायची, मग काही वर्षं प्रशिक्षण, मधे उमेदवार गाईड म्हणून पूर्ण गाईडच्या देखरेखीखाली काम आणि शेवटी अंतिम परीक्षा. त्यानंतरही कार्डावर दरवर्षी नवा शिक्का लागतो. वर्गणी, विमा आणि उजळणी यांतलं काही राहिलं तर तो शिक्का मिळत नाही. नेपाळच्या गाईडांची संघटना २०१२ मध्ये या महासंघात गेली, म्हणजे हे सगळं फक्त युरोपच्या श्रीमंतीतच शक्य आहे असंही म्हणता येत नाही.

पण हे कार्ड आपल्या कामाचं नाही. पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावर स्की कशाला लागते? आपल्याकडच्या चर्चा इथेच घसरतात. आंतरराष्ट्रीय दर्जा म्हटलं की एव्हरेस्ट आणि हिमनद्या डोळ्यांपुढे येतात, आणि मग 'आपल्याला ते कुठलं जमायला' म्हणून विषय संपतो. आपल्या जमिनीला लागू पडणारं माप वेगळ्या संघटनेकडे आहे. तिचं नाव यूआयएमएलए, म्हणजे माउंटन लीडरांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय संघटना, स्थापना २००४. तिच्या सदस्य संघटनांचे कार्डधारक म्हणजे इंटरनॅशनल माउंटन लीडर. त्यांची हद्द स्पष्ट आखलेली आहे: डोंगरात पायी नेणं, हिवाळ्यात सोप्या उतारांवर स्नो-शू घालून नेणं. हिमनदीवर जायचं नाही. जिथे दोर, आइस-अॅक्स किंवा क्रॅम्पॉन वापरायचे हे आधीपासून ठरलेलं असतं, अशा वाटेवरही नाही. तिथून पुढे पूर्ण गाईडचं काम सुरू होतं. तिसरी संघटना यूआयएए, १९३२ मध्ये शामोनीतच स्थापन झालेली. ती गिर्यारोहण संघांची संघटना. कॅराबिनर-हेल्मेटवरच्या तिच्या शिक्क्यामुळे ती आपल्याला माहीत असते, पण क्लबांमधल्या बिनपगारी लीडरांच्या प्रशिक्षणासाठीही तिचे दर्जे आहेत. कोल्हापुरातले बरेचसे ग्रुप नोकरी-धंदा सांभाळून रविवारी डोंगरात नेणाऱ्या हौशी लोकांचेच आहेत, तेव्हा हा भाग त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे.

माउंटन लीडरची परीक्षा म्हणजे काय, हे ब्रिटनच्या पद्धतीवरून नीट कळतं. तिथे आंतरराष्ट्रीय कार्डाच्या आधीची पायरी म्हणजे उन्हाळी माउंटन लीडर. सहा दिवसांचं प्रशिक्षण आणि पाच दिवसांची परीक्षा. अकरा दिवस म्हणजे आपल्या बेसिकच्या निम्मेही नाहीत. खरी गोम आधीच्या अटीत आहे. प्रशिक्षणाला येण्यापूर्वी किमान २० आणि परीक्षेपूर्वी किमान ४० दर्जेदार दिवस वहीत नोंदलेले हवेत, तेही निदान तीन वेगवेगळ्या डोंगरी प्रदेशांतले. शिवाय तंबूतल्या ८ रात्री, त्यातल्या ४ वस्तीपासून दूर. दर्जेदार दिवसाची व्याख्याच कडक आहे. आखणीत तुमचा हात हवा, पाच तास किंवा जास्त चाल हवी, वाट शोधायचं काम तुम्ही केलेलं हवं आणि प्रदेश शक्यतो नवा हवा. दुसऱ्याच्या मागे चालत गेलेला दिवस धरला जात नाही. हे माप आपल्याकडे लावून पाहा. पन्हाळा-पावनखिंड वीस वेळा केलेला माणूस आपल्याकडे सगळ्यात अनुभवी मानला जातो. या वहीत त्याचे वीस पावसाळे म्हणजे जेमतेम दोन-चार ओळी. रांगणा, गगनगड, भुदरगड, पारगड, आणि मग जिल्ह्याबाहेरचा एखादा अनोळखी घाट, असं फिरल्याखेरीज वही भरत नाही.

परीक्षेत सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते नकाशावाचनात, आणि कारण उघड आहे. सरावाच्या वाटेवर नकाशा लागतच नाही. मसाई पठार याचा उत्तम धडा देतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५० हजारी नकाशावर १ किलोमीटर म्हणजे २ सेंटिमीटर, आणि समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटरचं. जांभ्याचं सपाट पठार या दोन रेषांच्या मधे अख्खं मावतं. म्हणजे वर पोचलात की नकाशा उंचसखलपणाबद्दल काहीच सांगत नाही, आणि जुलैतल्या धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी उरतात दोनच गोष्टी, होकायंत्र आणि मोजलेली पावलं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक साधारण एका अंशाच्या आसपासचा, म्हणजे किलोमीटरला सतराएक मीटर. तो सोडून दिला तरी चालतो. पावलांचं तसं नाही. सपाट कोरड्या जमिनीवर मोठ्या माणसाची १०० मीटरला साठ ते सत्तर दुहेरी पावलं (डावं-उजवं मिळून एक) पडतात, चिखलात आणि वाऱ्यात त्याहून बरीच जास्त. आपला आकडा आपणच मोजून ठेवायचा. धुक्यात एकाला जेमतेम दिसेल एवढ्या अंतरावर पुढे उभं करायचं, होकायंत्रातून त्याला डावी-उजवीकडे सरकवून रेषेवर आणायचं, मग त्याच्यापर्यंत जायचं आणि पुन्हा तेच. काम कंटाळवाणं आहे, पण कड्याच्या काठावर नेऊन उभं करत नाही.

मोबाइलमधली जीपीएसची रेघ आहे की, असं कुणी म्हणेल. ओल्या स्क्रीनला पावसाचा थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही, नकाशा आपोआप सरकत राहतो. आणि ती रेघ बहुधा जानेवारीत चाललेल्या कुणाची तरी असते. जानेवारीत जो ओढा उडी मारून पार झाला, तिथे जुलैत कमरेएवढं पाणी असतं.

वेळेचा हिशोब हा नकाशाचाच दुसरा भाग. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम अजून शिकवतात: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. वीस किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ म्हणजे पाच तास. हे सुदृढ माणसाचं, कोरड्या वाटेवरचं गणित. चिखल आणि मिश्र गट असेल तर दीडपट ते दुप्पट धरा, साडेसात ते दहा तास. आता त्यात गर्दी मिसळा. एकेकट्यानेच उतरता येईल अशा निसरड्या टप्प्यावर माणशी अर्धा मिनिट गेलं, तरी चाळीस जणांना वीस मिनिटं लागतात. दोनशे जणांना शंभर. असे तीन टप्पे आले की दोनशेच्या गटाचे पाच तास नुसते उभं राहण्यात जातात, पावसात भिजत. मोठ्या मोहिमा अंधारात अडकतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं आणि दोष मात्र 'हळू चालणाऱ्या' लोकांना मिळतो.

म्हणून गाईडमागे माणसं किती, हा आकडा जमिनीवरून ठरतो. मॅटरहॉर्नवर एका गाईडमागे एकच माणूस. माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर दोन. सोप्या पायवाटेवर हा आकडा वाढतो, पण तो वाढवताना लीडरने विचारायचा प्रश्न एकच: यातल्या एकाचा पाय मोडला तर उरलेल्यांचं काय? स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा जण लागतात, दहा-पंधरा मिनिटांनी ते बदलावे लागतात, आणि चिखलाच्या पायवाटेवर तासाला किलोमीटरभर सरकलं तरी खूप. एका लीडरमागे दहाच्या वर आकडा गेला की हे गणित कोलमडायला लागतं. आपल्याकडे 'पुढे एक, मागे एक, मधे दोन' अशा चार जणांवर दोनशेची मोहीम काढतात. त्या चौघांच्या धैर्याबद्दल शंका नाही.

ओढ्याचं शास्त्र वेगळं शिकावं लागतं, कारण इथे दोराबद्दलची समजूत उलटी पडते. ओलांडणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर बांधायचा नाही. तो पडला तर प्रवाह त्याला ताणलेल्या दोराच्या टोकाशी धरून ठेवतो आणि पाणी डोक्यावरून जातं. ओढ्यावर आडवा काटकोनात दोर ताणणंही धोक्याचं. पडलेला माणूस दोराच्या मधल्या झोळात जाऊन अडकतो. लावायचाच तर तिरका लावायचा, पलीकडचं टोक प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी माणसाला आपोआप काठाकडे नेतं. त्याआधी खालच्या बाजूला काय आहे ते पाहायचं: धबधबा, झाडाच्या फांद्या, दगडांची चिंचोळी फट असेल तर तिथे उतरायचंच नाही. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडायचे. तोंड प्रवाहाकडे, तिघं एकमेकांचे खांदे धरून, एका वेळी एकानेच पाऊल हलवायचं. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की थांबायचं. सह्याद्रीतले ओढे चढतात तसे उतरतातही लवकर. पाऊस ओसरल्यावर दोन-तीन तासांनी तोच ओढा निमूट वाट देतो. पण दोन-तीन तास थांबायचं तर दिवसाच्या आखणीत ते तास आधीपासून शिल्लक हवेत.

थांबलं की थंडी येते. २० अंशांत हायपोथर्मिया होतो हे अजून लोकांना पटत नाही. ओली जीन्स, पठारावरचा वारा, रिकामं पोट आणि तासभर रांगेत उभं राहणं एवढं त्याला पुरतं. खुणा ठरलेल्या आहेत. चालताना अडखळणं, बोलणं जड होणं, चेन किंवा बटण न लागणं, आणि उगाच चिडणं किंवा एकदम गप्प होणं. 'चालत राहा, गरम होशील' हा सल्ला अंगात ताकद असेपर्यंतच लागू आहे. कुडकुडणं थांबलं आणि माणूस तरतरीत झाला नाही, तर तो बरा होत नाहीये, बिघडतोय. वाऱ्याआड न्यायचं, ओले कपडे काढून कोरडे घालायचे, खाली सॅक किंवा मॅट टाकायची कारण ओली जमीन वाऱ्याइतकीच ऊब ओढते, आणि शुद्धीत असून गिळता येत असेल तर गुळाचा गरम चहा. आठ-दहा माणसं आत बसतील अशी नायलॉनची हलकी पिशवी ब्रिटनमध्ये लीडरच्या सॅकमध्ये असतेच. आपल्याकडे प्लॅस्टिकचा मोठा कागद तेच काम करतो. आपल्याकडे तो असतो, पण बहुधा टेम्पोत, मुक्कामाच्या सामानाबरोबर.

पायी लीडरच्या अभ्यासक्रमात दोरही असतो, पण अडचणीपुरता. साधारण ३० मीटरचा दोर, हार्नेस नाही, घाबरलेल्या माणसाला निसरड्या दहा फुटांवरून खाली सोडायला. झाड निवडायचं ते जिवंत, मांडीएवढं जाड आणि मातीत मुळं धरलेलं. जांभ्याच्या सुट्या चिऱ्याला दोर गुंडाळायचा नाही. धबधब्यातलं रॅपलिंग हे यात बसत नाही. ते आजकाल ट्रेकला जोडून सर्रास विकलं जातं, म्हणून सांगायला हवं. धारेखाली माणूस अडकला, टी-शर्ट किंवा केस डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनात, गेले, तर त्याला तिथे श्वास घ्यायला मिनिटंच असतात. म्हणून तिथला दोर वरच्या माणसाला भार असतानाही सोडता येईल असाच बांधायचा असतो. अँकरला पक्की गाठ मारून मोकळा झालेला लीडर वरून फक्त बघत राहतो. हे कसब माउंटन लीडरच्या कार्डात येत नाही, बेसिकच्या ए ग्रेडमध्येही येत नाही.

सरकारी बाजूही आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांना नोंदणी सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय मानकांपैकी आयएसओ २११०१ सुरक्षा-व्यवस्थेचं, २११०२ लीडरच्या क्षमतेचं आणि २११०३ सहभागी माणसाला काय काय सांगायचं याचं. कागद पुरेसे आहेत. नोंदणी मुख्यतः संस्थेची होते, आणि वाटेवर निर्णय घेणारा माणूस निराळाच असतो.

आणि भटवाडीचा माणूस? रांगण्याला पाटगावकडून जाताना वाट दाखवायला जो येतो, त्याच्याकडे कसलंच कार्ड नसतं. ओढ्याच्या रंगावरून वर किती पडला ते तो सांगतो, आग्या मोहोळं कुठल्या कड्याला आहेत ते त्याला माहीत असतं. यूआयएमएलएच्या अभ्यासक्रमात परिसराचं, तिथल्या जीवसृष्टीचं आणि लोकजीवनाचं ज्ञान हा परीक्षेचा विषय आहे; त्या पेपरात शहरी लीडर नापास होईल आणि हा पहिला येईल. त्याला कमी आहे ती प्रथमोपचाराची. घोणस किंवा फुरसं चावलं तर आवळपट्टी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, हातपाय न हलवता १०८ ला फोन करून कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयात पोचायचं, एवढं दोन दिवसांत, सोळा तासांच्या कोर्समध्ये शिकवता येतं. त्या प्रथमोपचाराच्या दाखल्यालाही मुदत असते, दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा घ्यावा लागतो. आपली पर्वतारोहणाची सर्टिफिकेटं मात्र भिंतीवर फ्रेममध्ये आयुष्यभर ताजी राहतात.

कुठल्याही महासंघाची वाट न पाहता कोल्हापुरातल्या चार-पाच क्लबांना पाच दिवसांची परीक्षा स्वतः घेता येईल. एका परीक्षकामागे चार उमेदवार, त्याहून जास्त नाहीत. पहिला दिवस अनोळखी घाटवाटेवर नकाशा घेऊन, मोबाइल परीक्षकाच्या सॅकमध्ये. दुसऱ्या दिवशी निसरड्या उतारावर दोर, तिसऱ्या दिवशी ओढा. चौथ्या रात्री मसाईवर, पावसात, नकाशावर खूण केलेलं एखादं टाकं किंवा बांधाचा कोपरा शोधायचा. परीक्षक मागून गप्प चालतो, चुकलं तरी बोलत नाही, फक्त कड्याकडे गेलात तर थांबवतो. पाचव्या दिवशी वही आणि तोंडी प्रश्न. परीक्षक उमेदवाराच्या क्लबचा नसावा, ही अट पहिल्या बैठकीतच लिहून घ्यावी. नंतर ती कुणी मान्य करत नाही. निकाल तीन प्रकारचे: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, आणि राखून ठेवलेला. राखून ठेवलेल्या उमेदवाराला कुठला भाग कच्चा ते लेखी द्यायचं, म्हणजे ओढ्यात अडलेल्याने पुढच्या जुलैत तेवढाच भाग पुन्हा द्यायचा.